सापडलं, पण नेमकं कुठे? : दुर्बिणीच्या तपासणीतली जागेची नोंद

रक्त कमी असण्याबद्दल आपण मागे बोललो, त्यानंतर बऱ्याच गटांकडून निरोप आले. त्यातला एक प्रश्न असा होता : “डॉक्टरांनी दुर्बिणीनं आतडं तपासायला सांगितलंय. पोटात एवढा अंधार, एवढी वळणं. आत काही सापडलंच तर ते नेमकं कुठे आहे, हे त्यांना कळतं कसं? आणि पुन्हा तीच जागा सापडते कशी?” प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटला. म्हणून आजचा सगळा वेळ त्यालाच देऊ.

आपल्याला जागेचं महत्त्व कुणी सांगायला नको. जमिनीचा व्यवहार करताना ‘गावात अमक्याची जमीन आहे’ एवढ्यावर कुणी सही करत नाही. गट नंबर लागतो, चतुःसीमा लागते : पूर्वेला कुणाचं रान, पश्चिमेला ओढा की रस्ता. शरीराचंही तसंच आहे. ‘आतड्यात गाठ आहे’ हे अर्धंच वाक्य झालं. कुठल्या भागात, किती आत, किती मोठी, तिथे काही खूण केली का, हे सगळं मिळून वाक्य पुरं होतं.

दुर्बीण म्हणजे काय

आपण जिला दुर्बिणीची तपासणी म्हणतो, तिला दवाखान्यात एंडोस्कोपी म्हणतात. तोंडातून नळी घालून अन्ननलिका आणि जठर बघतात. शौचाच्या जागेतून नळी घालून मोठं आतडं बघतात, त्या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. नळी साधारण बोटाएवढी जाड आणि लवचिक असते. तिच्या टोकाला दिवा आणि बारीक कॅमेरा असतो. आतलं चित्र समोरच्या पडद्यावर दिसतं. नळीतूनच बारीक चिमटा किंवा तारेचा फास आत सोडता येतो. चिमट्यानं तपासणीसाठी तुकडा घेतात, फासानं छोटी वाढ तिथल्या तिथे काढतात.

हे सगळं एकदम आलं नाही. काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेता येतं, हे १९५४ मध्ये लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी दाखवलं. त्याच विचारावर १९५७ मध्ये अमेरिकेत मिशिगन इथे बेसिल हिर्शोविट्झ या डॉक्टरांनी वाकणारी दुर्बीण वापरली, आणि ती आधी स्वतःच्याच घशाखाली उतरवून पाहिली. त्या वेळी नळीला डोळा लावणाऱ्या एकट्या डॉक्टरांनाच आतलं दिसायचं. पुढे नळीच्या टोकाला कॅमेरा आला आणि चित्र पडद्यावर आलं. आता डॉक्टर बघतात, शेजारी उभ्या सिस्टरही बघतात. चार डोळे असले की डाळीतला खडा सुटत नाही, तसंच हे.

शोधायचं काय असतं

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी मांसाचा छोटा कोंब उगवतो. त्याला पॉलिप म्हणतात. काही पॉलिप अळंबीसारखे देठावर उभे असतात, ते चटकन दिसतात. काही मात्र भाकरीवरच्या फोडासारखे चपटे असतात, ते आतड्याच्या घड्यांमध्ये लपतात. बहुतेक पॉलिप काही त्रास देत नाहीत आणि त्यांचा कर्करोगही होत नाही. पण मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुतेक वेळा अशाच एखाद्या पॉलिपमधून, हळूहळू, बऱ्याच वर्षांनी तयार होतो. म्हणजे पॉलिप वेळेत सापडला आणि काढून टाकला, तर पुढचं मोठं संकट टळू शकतं.

डॉक्टर आधी नळी पार आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात आणि मग बाहेर काढताना बारकाईनं बघतात. बाहेर येण्याचं हे काम निदान सहा मिनिटं तरी शांतपणे व्हावं, असा दंडक आहे. एवढ्या वेळात सुमारे पाच फूट लांबीचं आतडं, त्याच्या सगळ्या घड्या, कानेकोपरे बघायचे. पडद्यावरचं चित्र सतत हलत असतं. दिवसभरात अनेक तपासण्या करणाऱ्या माणसाची नजर कितीही तयार असली, तरी एखादा चपटा पॉलिप निसटू शकतो.

पडद्यावरची चौकट

इथे गेल्या काही वर्षांत संगणकाची मदत आली आहे. हजारो चित्रांमधले पॉलिप दाखवून संगणकाला ओळख शिकवलेली असते. तपासणी चालू असताना तो डॉक्टरांबरोबर तेच चित्र बघत राहतो. काही संशयास्पद दिसलं, की त्या जागेभोवती पडद्यावर लगेच रंगीत चौकट उमटते. काही यंत्रांत बारीक आवाजही होतो. म्हणजे तो बोट दाखवून म्हणतो, “इथे एकदा बघा.”

ही खूण दाखवायची कशी, यावरही बराच विचार झाला आहे. चौकट चित्राच्या मधोमध सारखी उमटत राहिली तर डॉक्टरांचं लक्ष विचलित होतं, शिवाय रेघेखाली नेमकी बघायची जागा झाकली जाऊ शकते. म्हणून काही यंत्रांत चित्राच्या कडेची गोल रेघ उजळते, पण सगळी नाही. ज्या बाजूला संशय आहे, त्याच बाजूची. वर काही असेल तर वरची कड, डावीकडे असेल तर डावीकडची. चित्र मोकळं राहतं आणि नजर मात्र बरोबर तिकडे वळते.

याचा उपयोग किती होतो? इटलीतल्या तीन रुग्णालयांत ६८५ जणांवर अभ्यास झाला, तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे ४० ते ८० वर्षांचे होते. नेहमीच्या तपासणीत १०० पैकी साधारण ४० जणांमध्ये, पुढे कर्करोगाकडे वळू शकतील असे पॉलिप सापडले. संगणकाच्या मदतीनं केलेल्या तपासणीत हेच १०० पैकी साधारण ५५ जणांमध्ये सापडले. जास्तीचे सापडले ते बहुतेक लहान होते. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा पहिल्या यंत्राला परवानगी दिली.

पण मैत्रिणींनो, दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिली : चौकट म्हणजे रोग नव्हे. पाण्याचा बुडबुडा, मळाचा कण, आतड्याची साधी घडी यांच्याभोवतीही चौकट उमटते. ती बघून डॉक्टर ठरवतात की हे काही आहे का. आणि जे आहे ते कर्करोगाचं आहे की नाही, हे तुकडा प्रयोगशाळेत तपासल्यावरच नक्की कळतं. तपासणीच्या वेळी तुम्ही जाग्या असाल आणि पडद्यावर चौकट दिसली, तर घाबरून जाऊ नका.

दुसरी : कॅमेऱ्यासमोर जे आलंच नाही, त्याभोवती चौकट येणार नाही. घडीच्या मागे नळी वळवून बघण्याचं काम डॉक्टरांच्या हातालाच करावं लागतं. आणि आतडं साफ नसेल, तर संगणकाला काय आणि डॉक्टरांना काय, दिसणार तरी कसं?

नळी किती आत गेली, यावर जागा कळते का?

नळीवर शिंप्याच्या टेपसारख्या सेंटिमीटरच्या खुणा असतात. अन्ननलिका सरळ असल्यानं तिथे हे माप चांगलं उपयोगी पडतं. पुढच्या दातांपासून मोजलं तर जठराचं तोंड साधारण ४० सेंटिमीटरवर येतं. म्हणून ‘दातांपासून ३० सेंटिमीटरवर जखम’ असं लिहिलं, की दुसऱ्या डॉक्टरांनाही जागा कळते.

मोठ्या आतड्यात मात्र हे माप फसवं असतं. परकराच्या नेफ्यात नाडी ओवताना काय होतं ते आठवा. पिन थोडीच पुढे सरकते, पण कापड तिच्यावर चुण्या पडून गोळा होतं. आतडंही नळीवर तसंच गोळा होतं. कधी उलट होतं, नळीच आत वेटोळं घालते. त्यामुळे ‘६० सेंटिमीटरवर’ म्हटलं तरी एका बाईत ती जागा एक असते, दुसरीत वेगळी.

म्हणून डॉक्टर वाटेवरच्या खुणा बघतात. आपण पाहुण्यांना घर सांगतो ना : “पिंपळाच्या पारावरून डावीकडे, पिठाच्या गिरणीसमोर.” आतड्यातही असे पार आणि गिरण्या आहेत. सुरुवातीच्या टोकाला अपेंडिक्सचं छिद्र आणि लहान आतडं येऊन मिळतं ती झडप दिसते. यकृताजवळच्या वळणावर आतड्याच्या भिंतीतून निळसर झाक दिसते. आडव्या भागात आतड्याची पोकळी त्रिकोणी दिसते. काही ठिकाणी आणखी एक सोय असते. नळीत बारीक तारांची वेटोळी बसवलेली असतात आणि चुंबकाच्या मदतीनं नळीचा पोटातला आकार दुसऱ्या पडद्यावर सापाच्या वळणांसारखा दिसतो. त्यात एक्स-रे लागत नाही.

रिपोर्टवर जागेची नावं इंग्रजीत लिहितात. वाचून दाखवायला कुणी असेल, तर एवढे पाच शब्द ओळखून ठेवा :

असेंडिंग कोलन म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूनं वर जाणारा भाग.
ट्रान्सव्हर्स कोलन म्हणजे पोटावरून आडवा जाणारा भाग.
डिसेंडिंग कोलन म्हणजे डाव्या बाजूनं खाली उतरणारा भाग.
सिग्मॉइड म्हणजे डावीकडे खाली असलेला नागमोडी भाग.
रेक्टम म्हणजे अगदी शेवटचा भाग, गुदाशय.

आतड्यातलं गोंदण

पॉलिप लहान असेल तर तो तिथेच काढला जातो आणि काम संपतं. पण तो मोठा असेल किंवा डॉक्टरांना संशय आला, तर पुढे त्या जागी परत जावं लागू शकतं. कधी जखम भरली का हे बघायला, कधी शस्त्रक्रिया करायला. अडचण अशी, की काही आठवड्यांत जखम भरून येते आणि जागा ओळखू येत नाही. शिवाय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना आतडं बाहेरून दिसतं, आणि पॉलिप तर आतल्या बाजूला. छोट्या छिद्रांतून शस्त्रक्रिया करताना हातानं चाचपूनही बघता येत नाही.

यावर उपाय म्हणजे गोंदण. आपल्या आज्यांच्या कपाळावर, हातावर गोंदलेलं असायचं, ते जन्मभर पुसलं गेलं नाही. तसंच डॉक्टर नळीतून बारीक सुई आत नेऊन पॉलिपजवळ आतड्याच्या अस्तराखाली कार्बनच्या निर्जंतुक काळ्या शाईचे ठिपके देतात. ती शाई वर्षानुवर्षं टिकते आणि बाहेरच्या बाजूनंही दिसते. शस्त्रक्रियेच्या वेळी काळा ठिपका दिसला, की जागा सापडली. फक्त गोंदण गाठीच्या कुठल्या बाजूला आणि किती अंतरावर दिलं, हे कागदावर लिहिलेलं असावं लागतं.

कागदाचं मोल आम्ही एका ताईंच्या बाबतीत जवळून पाहिलं. वय पन्नाशीच्या पुढे, दोन वर्षं शौचातून रक्त जायचं. मूळव्याध असेल म्हणून झाडपाला चालू होता, घरात लाजेनं कुणाला सांगितलं नाही. गटाच्या बैठकीत चक्कर आली, रक्त तपासलं तर फारच कमी निघालं, तेव्हा गोष्ट बाहेर आली. दुर्बिणीच्या तपासणीत मोठा पॉलिप सापडला, तो काढला, आणि तुकडा तपासणीत कर्करोगाची सुरुवात निघाली. आतड्याचा तेवढा भाग काढावा लागणार होता, त्यासाठी त्या दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात गेल्या. जाताना तुकडा तपासणीचा कागद नेला. रंगीत फोटोंचा कागद घरीच राहिला, कारण फोटोंचं काय काम, असं सगळ्यांना वाटलं. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “पॉलिप नेमका कुठे होता? शाई कुठे दिली आहे?” मुलगा एसटीनं गावी परत आला आणि तो कागद घेऊन गेला. त्यावर सगळं होतं : सिग्मॉइड भाग, फोटो, आणि गोंदण पॉलिपच्या खालच्या बाजूला. तो कागद नसता, तर आधी पुन्हा दुर्बीण घालावी लागली असती. म्हणजे पुन्हा पोट साफ करण्याचं औषध, पुन्हा खर्च, पुन्हा धास्ती. ताई आज गटात येतात, आणि त्यांच्या परवानगीनंच आम्ही हे सांगतोय.

आपल्या हातात काय आहे

चौकट दाखवणारं यंत्र आपल्या तालुक्याच्या ठिकाणी नसेल. त्यामुळे तपासणी थांबवायची नाही. जाणकार डॉक्टर, साफ आतडं आणि नीट लिहिलेला रिपोर्ट, या तीन गोष्टी यंत्राशिवायही होतात. त्यातल्या दोन गोष्टींत आपला वाटा मोठा आहे.

पोट साफ करण्याचं औषध पाण्यात कालवून सांगितलं तेवढं सगळं प्यायचं. चव चांगली नसते, अर्ध्यावर सोडावंसं वाटतं, पण सोडायचं नाही. शेवटी शौचाला नुसतं पिवळसर, स्वच्छ पाणी व्हायला हवं. आपल्यातल्या अनेकजणी लोहाच्या गोळ्या घेतात. त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो व आतडं नीट दिसत नाही, म्हणून त्या काही दिवस आधी थांबवायला सांगतात. तेव्हा तारीख घेतानाच विचारा, “लोहाच्या गोळ्या कधी बंद करू?” साखरेचं, रक्तदाबाचं किंवा रक्त पातळ करण्याचं औषध चालू असेल तर तेही सांगा. आपल्या मनानं काही बंद करू नका.

लाज वाटते, हे आम्हाला माहीत आहे. तपासणीच्या वेळी अंगावर गाऊन असतो आणि पांघरूण असतं. ‘जवळ सिस्टर असू द्या’ असं सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे. खर्चाची काळजी असेल तर तपासणीच्या आधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्या आजाराला काय मिळतं, ते तिथे कळेल.

तपासणी झाल्यावर झोपेच्या इंजेक्शनमुळे गुंगी असते. डॉक्टरांनी सांगितलेलं नंतर आठवत नाही. म्हणून सोबत आलेल्या माणसानं हे चार प्रश्न विचारावेत. गटातल्या कुणी लिहून दिले तरी चालेल :

१. काही सापडलं का? सापडलं तर कुठल्या भागात आणि केवढं?
२. ते पूर्ण काढलं का? तुकडा तपासायला पाठवला का, रिपोर्ट कधी मिळेल?
३. त्या जागी शाईची खूण केली का? ती कागदावर लिहिली आहे का?
४. पुन्हा तपासणी कधी करायची?

फोटोंचा कागद मागून घ्या आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. तुकडा तपासणीचा कागद त्याच पिशवीत ठेवा. आपण गटाच्या वहीत दहा रुपयांचीही नोंद चुकवत नाही. कुणी किती भरले, कुणावर किती बाकी, दहा वर्षांपूर्वीचं पानही सापडतं. घरातल्या प्रत्येक बाईच्या नावाची दवाखान्याची एक फाइल तशीच असायला हवी.

कुणी थांबू नये

दुर्बिणीची तपासणी प्रत्येकीनं उठून करायची नाही, ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच. पण शौचातून रक्त जात असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल, सवय बदलून काही आठवडे झाले असतील, कारण नसताना वजन उतरत असेल, पाळी बंद झाल्यावरही रक्त कमी असेल, किंवा घास गिळताना अडकत असेल, तर ‘मूळव्याध असेल’, ‘पित्त असेल’ म्हणून घरी बसू नका. ज्या जणी मिश्री लावतात किंवा तंबाखू खातात, त्यांनी गिळताना होणारा त्रास मुळीच अंगावर काढू नये, कारण तंबाखूमुळे तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. जवळच्या नात्यात कुणाला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. कुणाला यातला त्रास आहे का ते विचारा. सगळ्यांसमोर बोलायला कुणी लाजेल, म्हणून अध्यक्ष आणि सचिव ताईंनी एकेकीला बाजूला घेऊन विचारावं. वरचे चार प्रश्न गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवा. आणि ज्यांची अशी तपासणी झाली आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर ट्रंकेतून, कपाटातून तो फोटोंचा कागद शोधून काढावा आणि त्यावर जागा लिहिली आहे का ते वाचून घ्यावं. लिहिली नसेल, तर पुढच्या वेळी जाल तेव्हा लिहून मागा.